‘आधुनिकीकरण’ हा व्हेरिएबल नाही: एएन-३२ च्या कॉकपिटच्या निमित्ताने

पीएचडीची सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांच्या फायलीत एक वाक्य हमखास सापडतं: “अमुक यंत्रणेच्या आधुनिकीकरणाचा सुरक्षिततेवर होणारा परिणाम अभ्यासणे.” वाक्य शुद्ध आहे, विषय महत्त्वाचा आहे, आणि तरी गाईडनं त्यावर लाल रेघ मारली तर ती योग्यच म्हणावी लागेल. का, ते आज एका खऱ्या उदाहरणावरून बघू. उदाहरण आहे भारतीय हवाई दलाच्या एएन-३२ या मालवाहू विमानांच्या कॉकपिटचं. टीका त्या कार्यक्रमावर आहेच. पण त्याहून जास्त टीका आपण त्याबद्दल ज्या पद्धतीनं लिहितो, वाचतो आणि पुढे संशोधनात उतरवतो, तिच्यावर आहे.

आधी हकिकत

एएन-३२ हे कीव्हच्या अंतोनोव्ह संस्थेचं, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं विमान. १९८४ पासून ते हवाई दलात आहे. लेह असो, अरुणाचलच्या आखूड धावपट्ट्या असोत, रसद पोचवायचं रोजचं काम याचं. पंचवीस वर्षं झाली, डायल जुने झाले, सुटे भाग मिळेनात. म्हणून २००९ साली युक्रेनशी साधारण ४० कोटी डॉलरचा करार झाला. शंभराहून थोडी जास्त विमानं सुधारायची, त्यातली ४० युक्रेनमध्ये आणि बाकीची कानपूरच्या १ बेस रिपेअर डेपोत. विमानाचं आयुष्य ४० वर्षांपर्यंत वाढवायचं. कॉकपिटमध्ये नवे स्क्रीन, उपग्रहावरून दिशादर्शन, दुसरं विमान जवळ आलं की सांगणारी यंत्रणा, जमीन जवळ आली की ओरडणारी यंत्रणा, नवे रेडिओ.

निर्णय मूर्खपणाचा होता का? अजिबात नाही. साधा हिशोब करा. त्या वेळच्या दरानं प्रत्येक विमानामागे खर्च वीस कोटी रुपयांच्या आत बसतो. दुसरीकडे हवाई दलाची जुनी अ‍ॅव्हरो विमानं सुधारण्याऐवजी बदलायची ठरली. २०२१ मध्ये ५६ सी-२९५ विमानांचा करार झाला तो सुमारे २१,९३५ कोटींचा, म्हणजे विमानामागे ३९० कोटींच्या आसपास. दोन करारांत बारा वर्षांचं अंतर आहे, दुसऱ्यात कारखाना उभारणं वगैरेही आलं, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण जुनं घर पाडण्याऐवजी दुरुस्त का करतात, ते कळायला पुरेशी आहे.

आता बातम्यांतलं वाक्य बघा: “इतकी विमानं अद्ययावत झाली.” आकडा वाढत जातो आणि आपण समजतो की सुरक्षितताही तेवढीच वाढली. माझा आक्षेप इथे सुरू होतो. किती विमानांना पेट्या बसवल्या हे काम किती झालं त्याचं मोजमाप आहे. त्या पेट्यांनी कोणता अपघात टळला असता, हा वेगळाच प्रश्न आहे.

माथेरानचा कडा आणि खाली बघणारं यंत्र

हा प्रश्न मला आमच्या भागातल्या डोंगरावरून नीट समजला. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला येणारं इंडियन एअरलाइन्सचं एचएस-७४८ विमान पनवेलजवळच्या डोंगराला धडकलं. ४५ जण गेले. एचएस-७४८ म्हणजे तेच अ‍ॅव्हरो, हवाई दल वापरतं त्याच जातीचं. कर्जत लोकलनं रोज जाणाऱ्याला इथली भूरचना वेगळी सांगायला नको. सपाट भातखाचरं संपतात आणि भिंतीसारखा डोंगर सुरू होतो.

नेरळ स्टेशन समुद्रसपाटीपासून साधारण ४० मीटरवर आहे, माथेरान साधारण ८०० मीटरवर. सरळ रेषेत दोघांत पाच-सहा किलोमीटर. समजा एक विमान ढगातून, ७०० मीटर उंची धरून, नेरळवरून माथेरानच्या दिशेनं निघालं. वेग ताशी ३६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १०० मीटर. विमानातला रेडिओ अल्टिमीटर सरळ खाली लहर सोडतो आणि परत आलेल्या लहरीवरून सांगतो, “खाली ६६० मीटर मोकळी हवा आहे.” तो खोटं बोलत नाही. पण समोर काय आहे हे त्याला कोणी विचारलेलंच नाही. आणि हातात आहे एक मिनिट.

जमिनीचा इशारा देणारी पहिली यंत्रणा, जीपीडब्ल्यूएस, याच रेडिओ अल्टिमीटरवर चालायची. डॉन बेटमन या इंजिनिअरचं हे मोठं काम. डिसेंबर १९७४ मध्ये टीडब्ल्यूएचं विमान वॉशिंग्टनजवळ डोंगराला धडकल्यावर अमेरिकेत ती सक्तीची झाली आणि असे अपघात खूप कमी झाले. पण तिचं तत्त्व काय? खालची जमीन किती वेगानं वर येतेय ते बघायचं. हळूहळू चढणाऱ्या उतारावर ती वेळेत ओरडते. सह्याद्रीसारख्या उभ्या कड्यापुढे तिचा इशारा अगदी शेवटच्या सेकंदांत येतो, कारण कडा खाली येईपर्यंत तो समोर असतो.

१९९० च्या दशकात सुधारित यंत्रणा आली. तिच्यात जगाच्या जमिनीचा डिजिटल नकाशा असतो. उपग्रहावरून विमानाची जागा कळते, नकाशावरून समोरचा डोंगर कळतो, आणि इशारा मिनिटभर आधी मिळू शकतो. त्या नकाशासाठी सोव्हिएत संघ फुटल्यावर विक्रीला आलेले सोव्हिएत नकाशेही वापरले गेले होते.

म्हणजे “जमीन-इशारा यंत्रणा बसवली” हे वाक्य अर्धवट आहे. कोणती? खाली बघणारी की पुढे बघणारी? पुढे बघणारी असेल तर तिच्यातला नकाशा कोणत्या भागाचा, किती बारकाईचा, शेवटचा कधी बदलला? एकाच नावाच्या दोन पेट्यांत १९७० चं आणि १९९० चं दशक एवढा फरक असू शकतो.

इशारा मिळाला, तरीही

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग चांगली पेटी बसवा, विषय संपला. नाही संपत. ९ मे २०१२ रोजी सुखोई सुपरजेट हे कोरं करकरीत प्रवासी विमान इंडोनेशियात संभाव्य ग्राहकांना घेऊन प्रात्यक्षिकाच्या फेरीवर निघालं आणि सालाक डोंगराला धडकलं. कॉकपिट पूर्ण काचेचं, पुढे बघणारी इशारा यंत्रणा चालू स्थितीत. इंडोनेशियाच्या चौकशी अहवालानुसार धडकेच्या ३८ सेकंद आधी पहिला इशारा आला. नकाशाच्या डेटाबेसमध्ये काहीतरी गडबड असावी असं समजून वैमानिकानं यंत्रणा बंद केली. पहिल्या इशाऱ्यानंतर २४ सेकंदांपर्यंत हालचाल केली असती तरी विमान वाचलं असतं, असं नंतरच्या सिम्युलेशनमध्ये दिसलं. मृत्यू ४५, पनवेलएवढेच.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवा. दुसऱ्या विमानात पेटीही होती, इशाराही होता. पण त्या क्षणी वैमानिकाचा त्यावर विश्वास बसला नाही. आणि लष्करी मालवाहू विमान तर मुद्दामच दऱ्यांतून उडतं. मेचुकासारख्या धावपट्टीवर उतरायचं तर दोन्ही बाजूंना डोंगर असणारच. अशा ठिकाणी इशारा यंत्रणा वारंवार, विनाकारण ओरडू शकते. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मोजायला हवं ते हे: अशा मार्गांवर किती इशारे येतात, त्यातले किती खरे असतात, आणि वैमानिक ते ऐकून काय करतो.

हा प्रश्न नवा नाही. लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच ‘आयर्नीज ऑफ ऑटोमेशन’ या लेखात मांडलं होतं की यंत्र जितकं जास्त काम करतं, तितका माणसाचा सराव कमी होतो. आणि यंत्र अडलं की नेमकं तेच अवघड काम माणसाकडे येतं. विषय कुठलाही असो, हा लेख वाचाच. छोटा आहे.

डिस्प्लेचंच बघा. सोव्हिएत परंपरेच्या कृत्रिम क्षितिजात क्षितिज स्थिर असतं आणि विमानाचं चिन्ह कलतं. पाश्चात्त्य पद्धतीत विमान स्थिर आणि क्षितिज कलतं. माहिती एकच, चित्र उलटं. २००८ मध्ये पर्म इथे एरोफ्लोतचं बोइंग पडून ८८ जण गेले, त्या चौकशीत वैमानिकांचा या पाश्चात्त्य चित्राशी असलेला अपुरा सराव हा मुद्दा पुढे आला होता. तेव्हा सोव्हिएत घडणीच्या कुठल्याही विमानात नवा स्क्रीन बसला की पहिला प्रश्न विचारायचा: आता कोण हलतंय, विमान की क्षितिज? आणि ताफ्यात अर्धी विमानं नवी, अर्धी जुनी असताना एकच वैमानिक सोमवारी यात आणि गुरुवारी त्यात बसणार असेल, तर या मधल्या काळाचा धोका कुठल्या रकान्यात धरायचा?

कॉकपिटच्या बाहेर राहिलेलं

आता एएन-३२ चे तीन अपघात बघू. जून २००९: मेचुकाजवळ डोंगरात, १३ जण. २२ जुलै २०१६: चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरावर विमान बेपत्ता, २९ जण. ३ जून २०१९: जोरहाटहून मेचुकाला जाताना पुन्हा डोंगरात, पुन्हा १३ जण.

२०१९ च्या विमानाचे अवशेष आठ दिवसांनी, ११ जूनला हेलिकॉप्टरमधून दिसले. एवढा वेळ का लागला? अपघात झाला की आपोआप संदेश पाठवणारं बीकन विमानात असतं. जुनी बीकन १२१.५ आणि २४३ मेगाहर्ट्झवर चालायची. उपग्रहांनी या लहरी ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलं. आता ते फक्त ४०६ मेगाहर्ट्झचं डिजिटल बीकन ऐकतात. २०१९ च्या विमानावर जुन्याच पद्धतीचं बीकन होतं, असं त्या वेळच्या वृत्तपत्रांनी लिहिलं. हे खरं धरलं तर ते बीकन शाबूत असतं तरी ज्याला हाक मारायची तो ऐकणारा दहा वर्षांपूर्वीच उठून गेला होता. ज्या वर्षी तो गेला, त्याच वर्षी कॉकपिट सुधारायचा करार झाला, हा योगायोग मला अस्वस्थ करतो.

२०१६ चा प्रश्न वेगळाच. तिथे विमान समुद्रात गेलं, आणि रेडिओ लहर समुद्राच्या पाण्यातून वर येत नाही. ४०६ मेगाहर्ट्झचं बीकनही बुडाल्यावर मुकं होतं. पाण्याखाली लागतो तो ३७.५ किलोहर्ट्झचा ध्वनी सोडणारा वेगळा पिंजर. तो त्या विमानावर नव्हता, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. अवशेष सापडले जानेवारी २०२४ मध्ये, राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीमुळे, ३,४०० मीटर खोलीवर. मधे साडेसात वर्षं गेली. त्या २९ घरांनी ती कशी काढली असतील, हे कुठल्याही तक्त्यात येणार नाही. इथे टीकाकारानंही प्रामाणिक राहायला हवं: पिंजर असता तरी त्याचा आवाज काही किलोमीटरच पोचतो आणि बॅटरी महिना-तीन महिने टिकते. साडेतीन किलोमीटर खोलवरचा आवाज ऐकायला जहाज जवळपास त्याच जागी यायला हवं. पिंजरानं सगळं सुटलं असतं असं म्हणणं हीसुद्धा ‘पेटी बसवा’ याच विचाराची दुसरी बाजू झाली.

मुद्दा असा की ‘कॉकपिटचं आधुनिकीकरण’ हे नाव घेतलं की आपली नजर वैमानिकासमोरच्या पाट्यावर खिळते. शेपटीजवळचं बीकन त्या चित्रात येतच नाही. तुम्ही विषयाला जे नाव देता, तेच ठरवतं की तुम्हाला काय दिसणार नाही.

शून्य अपघात म्हणजे काय सिद्ध झालं?

आता आकड्यांकडे. कोणी म्हणालं, “सुधारित विमानांचा एकही अपघात झाला नाही.” समजा खरं आहे. संख्याशास्त्रात ‘तीनचा नियम’ आहे: न तासांत शून्य घटना घडल्या, तर खऱ्या दराची ९५ टक्के विश्वासाची वरची मर्यादा साधारण ३ भागिले न. समजा सुधारित विमानं ५०,००० तास उडाली. ३ भागिले ५०,००० म्हणजे लाख तासांना ६. म्हणजे खरा दर लाख तासांना शून्यापासून सहापर्यंत काहीही असू शकतो. जुन्या विमानांचा दर समजा चार असेल, तर ‘शून्य’ बघूनही नवी विमानं चांगली आहेत असं म्हणता येत नाही. शंभर विमानांच्या ताफ्यात दुर्मीळ घटनांवरून दर काढणं हा मार्गच अरुंद आहे.

मोठा नमुना मिळाला तरी सुटका नाही. अमेरिकेच्या एनटीएसबीनं २०१० मध्ये २००२ ते २००६ दरम्यान बनलेल्या आठ हजारांवर छोट्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काचेच्या कॉकपिटच्या विमानांना एकूण अपघात कमी, पण प्राणघातक अपघातांचा दर जास्त! मग काच जीवघेणी का? घाई करू नका. ती विमानं लांबच्या प्रवासाला, ढगांतल्या उड्डाणांना जास्त वापरली जात होती. जुनी जास्त करून शिकवायला. वापर वेगळा, म्हणून धोका वेगळा. एएन-३२ लाही हेच लावा. नवी यंत्रणा असलेलं विमान अवघड मार्गावर पाठवायला कोणताही कमांडर आधी निवडेल. तसं झालं तर तुलना आधीच वाकडी झाली.

तारीख हाही एक घटक

शेवटचा मुद्दा वेळेचा. २०१४ पासून युक्रेनवर संकट कोसळलं आणि कानपूरच्या कामाला लागणारा तिकडचा पुरवठा विस्कळीत झाला. हे दुर्दैव म्हणू. पण एमआय-१७ या वाहतूक हेलिकॉप्टरांची गोष्ट दुर्दैवाची नाही. ९० हेलिकॉप्टरं सुधारायचा प्रस्ताव २००२ चा, इस्रायली कंपनीशी करार जानेवारी २०१७ चा. कॅगनं २०२० च्या अहवालात दाखवलं की काम पूर्ण होईल तेव्हा त्यातल्या ५६ हेलिकॉप्टरांचं दोन वर्षांपेक्षाही कमी आयुष्य शिल्लक असेल. अमेरिकेतही हेच: सी-१३० विमानांच्या कॉकपिटचा कार्यक्रम २००१ मध्ये बोइंगला दिला, विमानांची संख्या कापत कापत निम्म्याखाली आणली आणि दशकभरानंतर तो गुंडाळण्याकडे नेला. उशिरा झालेलं आधुनिकीकरण हे वेगळंच औषध असतं. त्याचा परिणाम वेळेवर झालेल्याशी एकाच रकान्यात मांडू नका.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

‘आधुनिकीकरणाचा परिणाम’ खोडा आणि त्याजागी चार ओळी लिहा. कोणता बिघाड किंवा चूक ही सुधारणा रोखणार आहे? त्यासाठी पेटीखेरीज कोणता डेटा आणि कोणता सराव लागतो? तुलना कोणाशी, आणि दोघांचं काम सारखं आहे का? सुधारणा पोचली तेव्हा वस्तूचं किती आयुष्य उरलं होतं? अपघात मोजता येत नसतील तर इशारे मोजा, सिम्युलेटरवरचा प्रतिसाद मोजा, शोधाला लागलेला वेळ मोजा. हवाई दलाचे चौकशी अहवाल नागरी विमानांच्या अहवालांसारखे सर्वांसाठी खुले होत नाहीत, म्हणून कॅगचे अहवाल आणि संसदेतली उत्तरं वाचायची सवय लावा. आणि बातमीतली गोष्ट बातमीतली म्हणूनच लिहा, जशी मी वर बीकनची लिहिली.

सरावाला जवळचंच उदाहरण घ्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, आपल्या खालापूरच्या हद्दीतही, वेग पकडणारे कॅमेरे लागलेत. “कॅमेऱ्यांमुळे अपघात कमी झाले” असं वाक्य तुमच्यासमोर आलं, तर वरचे चार प्रश्न त्याला लावून बघा आणि अर्ध्या पानात उत्तर लिहा. पहिल्या प्रश्नापाशीच अडलात तर काळजी करू नका, माझीही सिनॉप्सिस तिथेच दोनदा परत आली होती.